नेस्लरवाल्या वाघमारेबाई

शशिकला वाघमारे या बाईंनी मला बारा वर्षांत बारा पोस्टकार्डं पाठवली. प्रत्येक कार्डावर माझं नाव, पत्ता आणि मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईत एकच आकडा : ३.२. वर 'स. न. वि. वि.' नाही, खाली सही नाही. पहिलं कार्ड आलं तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, कुणीतरी चुकून लॉटरीचा नंबर कळवलाय. मला मात्र ते हातात घेताच घाम फुटला. त्या आकड्याचा अर्थ पुण्यात तीनच माणसांना ठाऊक होता. एक बाई स्वतः, दुसरे आमचे आपटीकर सर आणि तिसरा मी.

मी रशीद तांबोळी, टायपिस्ट. शनिवार पेठेत, खाली छत्री दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आपटीकर सरांची पाणी तपासणीची लॅब होती. तिथे मी रिपोर्ट टाईप करत असे. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. देश खुला झाला म्हणत होते. पुण्यात खुली झाली होती ती मुख्यतः शेतं. जिकडे काल ज्वारी होती तिकडे आज सळया उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येक नव्या इमारतीला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिण्यालायक असल्याचा कागद लागत असे. तो कागद आम्ही देत होतो.

वाघमारेबाई तिथे केमिस्ट म्हणून आल्या तेव्हा तिशीच्या होत्या. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, साडीला ठिकठिकाणी पिना, त्यावर कडक इस्त्रीचा पांढरा कोट. वडील खडकीला कारखान्यात फिटर. घरात पहिली एम. एस्सी. झालेली ही मुलगी. आल्या दिवशी त्यांनी कुणाशी ओळख करून घेतली नाही. नाक वर करून सगळ्या खोल्यांतून फिरल्या आणि मला विचारलं, "अहो, इथे अमोनिया कुठून येतोय?"

मी म्हटलं, "पाण्यातून येत असेल."

"पाण्यातला मी बघीन. हवेतला विचारतेय."

त्यांची मुख्य तपासणी अमोनियाची. विहिरीच्या पाण्यात अमोनिया निघाला की जवळच कुठेतरी मैलापाणी मुरतंय, तेही ताजं, असं समजायचं. तो शोधायला नेस्लर नावाचं रसायन वापरत. पारा, आयोडीन आणि कॉस्टिक यांचं ते फिकट द्रावण बाई स्वतः बनवत, काळपट बाटलीत ठेवत आणि बाटलीला कुणाला हात लावू देत नसत. सपाट बुडाच्या लांब काचेच्या नळीत नमुन्याचं पाणी घ्यायचं, त्यात मोजून नेस्लर सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. अमोनिया असेल तर पाणी पिवळं पडतं, जास्त असेल तर नारिंगी, फारच असेल तर तपकिरी गढूळ. शेजारी अमोनियाचं प्रमाण माहीत असलेल्या नळ्यांची रांग लावायची, खाली पांढरी फरशी ठेवायची आणि वरून नळीत डोकावून कुठला पिवळा कुठल्या पिवळ्याशी जुळतो ते ठरवायचं. मला ते सगळे पिवळे सारखेच दिसत. बाईंना त्यांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांइतका फरक दिसे.

पहिल्या आठवड्यात मात्र त्यांचं शुद्ध पाणीसुद्धा पिवळं पडायला लागलं. नमुना नाही, काही नाही, नुसतं ऊर्ध्वपातित पाणी, आणि तेही पिवळं. बाईंनी चार दिवस नळ्या धुतल्या, बाटल्या बदलल्या. शनिवारी दुपारी उलगडा झाला. आपटीकर सर दर शनिवारी लॅबच्या बेसिनपाशी, चिनी मातीच्या बशीत कलप कालवून केस काळे करत. त्या कलपात अमोनिया. बशी आमचीच, आणि धुऊन परत कपाटात.

सोमवारी बेसिनवर पाटी लागली होती : 'येथे केस काळे करू नयेत. पाणी पिवळे होते.'

सरांनी पाटी वाचली, मान डोलावली, हसलेसुद्धा. पाटी काढायला सांगितलं नाही. पण माझ्या टेबलाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बाई हुशार आहेत. जरा जास्तच." ते वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून घेतलं.

बाईंच्या बोलण्यात काही ठरलेली वाक्यं होती. नोंदवहीत आकडा लिहिताना त्या मला ऐकवत, "शून्य हा फार मोठा आकडा आहे, तांबोळी. तो लिहिताना हात थरथरला पाहिजे." कुणी घाई केली की म्हणत, "दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. रंगाला लाज वाटेपर्यंत थांबायचं." नेस्लरच्या वापरलेल्या नळ्या बेसिनमध्ये ओतायला त्यांची सक्त मनाई होती. पारा नदीत जातो. ते पाणी एका वेगळ्या पिंपात साठत असे आणि पिंपावर त्या पहारेकऱ्यासारखी नजर ठेवत.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे त्या काहीही विसरत नसत. लॅबमध्ये लागल्यावर त्यांनी सदाशिव पेठेत भाड्याची खोली बघितली होती. घरमालक पेन्शनर. खोली दाखवली, हवा चांगली आहे म्हणाले, गॅलरीही दाखवली. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्यांना आठवलं की खोली कालच दिली आहे. बाई "बरं" म्हणून निघाल्या. पण त्यानंतर दरवर्षी दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, पांढरी साडी नेसून त्या त्या घरापाशी जात, बेल वाजवत आणि अत्यंत नम्रपणे विचारत, "आपली खोली रिकामी आहे का हो?"

दरवर्षी. पहिल्या वर्षी ते 'नाही' म्हणाले. दुसऱ्या वर्षी दार अर्धंच उघडलं. चौथ्या वर्षी त्यांच्या सुनेने सांगितलं, मामंजी झोपलेत. सहाव्या वर्षी म्हातारे स्वतः काठी टेकत दारात आले आणि म्हणाले, "घ्या हो बाई खोली. आजच या राहायला. पण हे थांबवा."

बाई म्हणाल्या, "नको. नुसतं विचारत होते."

आणि सातव्या वर्षीही गेल्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा चेहऱ्यावर ना हसू ना राग. एखादी तपासणी सांगावी तसं सांगितलं.

आता त्या आकड्याकडे येतो.

बाई आल्याला आठवं वर्ष असेल. कर्वेनगरच्या पुढे नदीच्या अंगाला एका बिल्डरने तीन इमारती उठवल्या होत्या. नळाचं पाणी यायचं होतं, तोवर आवारातल्या विहिरीचं पाणी टाकीत चढवणार होते. नमुना आला. बाईंनी नेस्लर सोडलं आणि काही क्षणांत मला हाक मारली. त्या कधी कुणाला हाक मारून नळी दाखवत नसत. मी बघितलं, नळीत कोरा चहा असावा तसा रंग होता. त्यांनी पाणी पातळ करून पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. लिटरला ३.२ मिलिग्रॅम. वहीत लिहिलं आणि टाईप करण्यासाठी मला नेहमीसारखी चिठ्ठी दिली. खाली शेरा : 'पिण्यास अयोग्य. विहिरीजवळचा मैल्याचा खड्डा तपासावा.'

मी मशीनवर कागद चढवतोय तोच सर आले. त्यांच्या केबिनमध्ये बिल्डर बसला होता.

"तांबोळी, त्या विहिरीचं टाईप केलंत?"

"करतोय."

"अमोनियापुढे 'आढळला नाही' असं टाका. शेऱ्याची गरज नाही."

मी चिठ्ठीकडे बघितलं. सरांनीही बघितलं. "तुमचे वडील कसे आहेत हो आता?" त्यांनी विचारलं. माझे वडील ससूनमध्ये होते आणि सर मला रोज दोन तास लवकर सोडत होते. बाकी काही बोलायची त्यांना गरज पडली नाही.

मी टाईप केलं. 'आढळला नाही.' खाली छापील ओळ होती : 'पृथक्करण करणार : कु. एस. वाघमारे.' त्याखाली सरांची सही. चिठ्ठी मी फाडली नाही. चार घड्या घालून पाकिटात ठेवली. का ठेवली, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

सहा-सात आठवड्यांनी त्या सोसायटीत काविळीची साथ पसरली. पंधरावीस माणसं आजारी पडली, बहुतेक उठली. एक उठली नाही. मृणाल नेने नावाची, पंचविशीची, सात महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला ती कावीळ फार वाईट असते, हे मला नंतर कळलं. ती गेली, पोटातलं मूलही गेलं.

सोसायटीची दहाबारा माणसं आमचा रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आली. मागे भिंतीला टेकून एक तरुण उभा होता, दाढी वाढलेली, कुणाकडेच न बघणारा. तो तिचा नवरा, सुहास नेने. सरांनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं, रिपोर्ट हातात घेतला आणि एक सुस्कारा सोडला.

"तपासणी वाघमारेबाईंनी केली होती," ते म्हणाले. "मी सही करतो ती त्यांच्या विश्वासावर. आता काय सांगू तुम्हाला. हल्ली कोट्यातली माणसं घ्यावी लागतात. मग हे असं होतं."

बाई आतल्या दारात उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "सर, ही लॅब खाजगी आहे. इथे कोटा नाही. तुम्ही माझी परीक्षा घेऊन मला ठेवलंत."

मग त्या आत गेल्या आणि नोंदवही घेऊन आल्या. सगळ्यांसमोर टेबलावर ठेवून त्यांनी पानं उलटली. ते पान नव्हतं. ब्लेडने इतकं सफाईने कापलं होतं की पुढच्या-मागच्या पानांना शंकाही आली नसती. आदल्या दिवशी सर वही घरी घेऊन गेले होते. ते मला माहीत होतं, बाईंना नव्हतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तांबोळी, मी तुम्हाला काय लिहून दिलं होतं?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती. मला ती कापडातून मांडीला टोचत होती. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, तो नेनेसुद्धा. मी टाइपरायटरकडे बघत म्हणालो, "दिलं ते टाईप केलं, मॅडम."

बाईंनी कोट काढला, घडी घातली, खुंटीवर न टांगता सरांच्या टेबलावर ठेवला. नेस्लरची बाटली मात्र बरोबर घेतली. "ही मी बनवलीय," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. गर्दीतल्या कुणीतरी त्यांच्या पाठीवर शिवी हासडली. त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी, त्याच तारखेच्या आसपास, पहिलं पोस्टकार्ड आलं.

पुढची बारा वर्षं मी सरांकडेच होतो. वडील गेले, मुलं झाली, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठल्या, त्यांत काम करणाऱ्यांसाठी शहराच्या चहूबाजूंनी टाउनशिप उठल्या. सरांनी शनिवार पेठ सोडली आणि काचेचंच ऑफिस घेतलं. आता ते 'पर्यावरण सल्लागार' होते. मैलापाणी शुद्ध करायच्या प्रकल्पांना दाखले द्यायचे. लाखाची मशीनं होती, टाय लावलेली पोरं होती. केस अजून काळेच होते.

बाईंनी बिबवेवाडीत, खाली पिठाची गिरणी आणि वर दोन खोल्या, अशी स्वतःची लॅब काढली होती. पहिली दोन-तीन वर्षं कुणी फिरकलं नाही. काविळीच्या गोष्टीला पाय फुटले होते. त्या कॉलेजच्या मुलींच्या शिकवण्या घेत, सकाळी नळ्या लावत. मग हळूहळू वस्तीतली माणसं पाणी घेऊन यायला लागली. हे मला इकडूनतिकडून कळे. मी त्या रस्त्याने जाणं टाळत असे. पोस्टकार्ड मात्र चुकत नसे. कार्डं सरांनाही येत असणार. मार्चच्या त्या आठवड्यात ते टपाल स्वतःच उघडत आणि दिवसभर कुणाशी नीट बोलत नसत.

मग त्या टाउनशिपचं प्रकरण झालं. आठशे घरांची वसाहत, बहुतेक सगळी आयटीतली तरुण माणसं. शुद्ध केलेलं मैलापाणी तिथे बागेला आणि संडासाच्या टाक्यांना वापरत. त्याला घाण वास यायचा, मुलांच्या अंगावर पुरळ उठायचं. सरांचा दाखला म्हणत होता, सर्व काही मर्यादेत. रहिवाशांच्या कमिटीने कुणाकुणाला विचारलं आणि शेवटी ते लोक बिबवेवाडीला पोचले. बाईंनी सरांचा दाखला वाचला, खालची सही बघितली आणि म्हणाल्या, "मी येते. पण बाटली पाठवू नका. सभा घ्या. त्यांनाही बोलवा."

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये दीडदोनशे माणसं जमली. सरांचं प्रेझेंटेशन होतं आणि स्लाइड पुढे सरकवायला मी होतो. बाई आल्या. केस पांढरे झाले होते, चष्मा आणखी जाड. कापडी पिशवीतून त्यांनी एक पांढरी फरशी काढली, सहा नळ्या काढल्या, ती काळपट बाटली काढली. त्यांच्याबरोबर चाळिशीचा एक माणूस होता, तो पहिल्या रांगेत बसला. मी त्याला ओळखलं नाही. सरांनीही नाही.

सर हसले. "बाई, नेस्लर? अहो, ही पद्धत आता म्युझियममध्ये ठेवायची झाली. आमच्याकडे मशीन आहे."

"मशीन खोटं बोलत नाही, सर," बाई म्हणाल्या. "पण आकडा टाईप करायला माणूसच लागतो."

कोणी हसलं. मी स्लाइडकडे बघत राहिलो.

बाईंनी कमिटीच्या अध्यक्षांना, सरांना आणि दोन रहिवाशांना प्रकल्पातून शुद्ध केलेलं पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी पाठवलं. सरांना नकार देता येईना. दोनशे माणसं बघत होती. बाटली भरून आली, सगळ्यांसमोर गाळली. एका नळीत शुद्ध पाणी, दोन नळ्यांत माहीत असलेल्या प्रमाणाचा अमोनिया, एकीत तो नमुना.

"आता तुम्ही सोडा," बाई सरांना म्हणाल्या. "तुमच्या हाताने. मग माझ्या हाताबद्दल प्रश्न राहणार नाही. हे हातमोजे घाला, पारा आहे त्यात. कुणाला बाधा व्हावी अशी माझी इच्छा नाही."

सरांनी हातमोजे घातले आणि थेंब सोडले. शुद्ध पाणी नितळ राहिलं. नमुन्याची नळी तिथल्या तिथे तपकिरी झाली, बुडाशी गाळ बसायला लागला. मागच्या रांगेतल्या लोकांनाही दिसलं. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. सरांनी हातमोजे काढायला घेतले.

"थांबा सर," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं व्हायची आहेत."

रंग पूर्ण चढला होता. थांबायचं काही कारण नव्हतं. पण त्या दहा मिनिटं थांबल्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. सर हातमोजे घालून त्या नळीसमोर उभे. त्यांच्या कपाळावरून कलपाचा एक काळा ओघळ कानाकडे उतरत होता. मी वीस वर्षं त्या माणसाचं मीठ खाल्लं होतं, पण त्या दहा मिनिटांत मला त्याची दया आली नाही. उलट आणखी दहा मिनिटं हवी होती.

"आता वाचा," बाई म्हणाल्या.

"मर्यादेपेक्षा जास्त आहे," सर म्हणाले.

"मोठ्याने."

त्यांनी मोठ्याने सांगितलं. सभेत गलका झाला. बाईंनी हात वर करून तो थांबवला आणि पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. "हे सुहास नेने. तुम्ही ओळखलं नसेल, सर. यांच्या बायकोचं नाव मृणाल होतं. बारा वर्षांपूर्वी एका विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट तुम्ही दिला होता, तो यांनी जपून ठेवलाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तांबोळी, चिठ्ठी आणलीत?"

मी विचारलं नाही की चिठ्ठी माझ्याकडे आहे हे तुम्हाला कसं कळलं. कागद फेकणारा टायपिस्ट त्यांनी पाहिला नसणार. माझ्या पाकिटात ती होतीच. घड्यांवर झिजून चार तुकड्यांना आली होती. मी उठलो. सर दबक्या आवाजात म्हणाले, "तांबोळी, बसा." मी बसलो नाही. चिठ्ठी फरशीवर, नळ्यांच्या शेजारी उलगडून ठेवली आणि माईकशिवाय, जेवढा निघेल तेवढ्या आवाजात सांगितलं. बाईंनी काय लिहून दिलं होतं, सरांनी काय टाईप करायला लावलं, वही कोण घरी घेऊन गेलं.

नेने उठून पुढे आले. त्यांनी ते तुकडे वाचले, पुन्हा वाचले. मला वाटलं, ते सरांच्या अंगावर धावून जातील. ते फक्त म्हणाले, "मी कित्येक वर्षं या बाईंना दोष देत होतो. पाच वर्षं तर मनातल्या मनात रोज शिव्या दिल्या. मग त्या स्वतःच एकदा माझ्या दारात आल्या." आणि सरांकडे वळून, "तुम्ही कधी आला नाहीत."

पुढचं थोडक्यात सांगतो. चौकशी लागली, सरांच्या लॅबची मान्यता गेली, कोर्टात केस उभी राहिली ती वर्षानुवर्षं रेंगाळली. शिक्षा अशी झालीच नाही. पण पुण्यात त्यांच्याकडे पाण्याची एक बाटली पुन्हा कुणी पाठवली नाही. ऑफिस मोडलं. दारावरची पितळी पाटी भंगारवाल्याकडे गेली, ती बाईंनी शोधून आणली आणि बिबवेवाडीला पाऱ्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. 'डॉ. आपटीकर' ही अक्षरं वर येतील अशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत.

ती पाटी मी पाहिली, कारण नोकरी गेल्यावर महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो होतो. मनात होतं, आता सगळं फिटलं. म्हटलं, "मॅडम, तुमच्याकडे काही काम असेल तर…"

"टायपिस्ट नकोय मला."

"मी खरं सांगितलं ना, मॅडम."

त्या नळीत डोकावत होत्या, मान वर केली नाही. "अमोनियाचा नमुना चोवीस तासांत तपासायचा असतो, तांबोळी. नंतर कितीही नीट तपासला तरी तो आकडा त्या पाण्याचा नसतो."

मी जिना उतरलो. राग आला होता. खोटं कशाला बोलू, अजून येतो. पण त्यांचं चूक काय होतं, ते मला कधी सांगता आलेलं नाही. त्या वर्षी पोस्टकार्ड आलं नाही. ते आलं असतं तर बरं, असंही वाटून गेलं.

सरांना पुढे अर्धांगवायू झाला. मी एकदोनदा भेटून आलो. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना चमच्याने पेज भरवत. केस पूर्ण पांढरे झाले होते. ते अंथरुणावर आहेत असं मी मुद्दाम बिबवेवाडीच्या एका ओळखीच्या माणसाकरवी बाईंच्या कानावर घातलं. त्या "बरं" म्हणाल्या, असा निरोप आला.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, सर गेले. वैकुंठात पंधरा-वीस माणसं. ऊन असं की फरशीवर पाय ठेवता येईना. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं आणि मी मागे वळलो तर बाई उभ्या. इस्त्रीची सुती साडी, पिना जागच्या जागी. साठी उलटली होती. सरांचा मुलगा पुढे झाला, त्याने विचारलं, "आपण?"

"मी यांच्याकडे कामाला होते," बाई म्हणाल्या. "खात्री करायला आले."

मुलाला काही कळलं नाही. त्याने नमस्कार केला. बाईंनी दाराकडे, वरच्या धुराड्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि निघाल्या. जाता जाता त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं. काकू सिमेंटच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या, ओठ सुकलेले, डोळे कोरडे. बायका कोपऱ्यात आपापसात बोलत होत्या.

बाई त्यांच्यापुढे थांबल्या. "सकाळपासून पाणी प्यायलात का?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी बाईंना ओळखलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. बाईंनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडून त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती दोन्ही हातांनी धरली आणि तोंड लावून प्यायल्या, गटागटा, पदरावर सांडेपर्यंत. बाई उन्हात त्यांच्यावर सावली पडेल अशा उभ्या राहिल्या.

काकूंनी बाटली परत दिली. मी शेजारीच होतो. माझाही घसा कोरडा पडला होता, आणि काहीतरी धीर आला म्हणा, मी हात पुढे केला.

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. बाटलीचं झाकण फिरवून घट्ट लावलं, बाटली पिशवीत ठेवली आणि फाटकाकडे चालायला लागल्या. निम्म्याहून जास्त पाणी होतं तिच्यात.